बंद म्हणजे किती वाजता?

गेल्या महिन्यात या पानावर दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायदुखीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रं आली ती मात्र पायांची नव्हती, घड्याळाची होती. दुकान बंद व्हायच्या वेळी आत शिरणारं गिऱ्हाईक हाच जवळजवळ सगळ्यांचा विषय. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. मी स्वतः बावीस वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काढली. चौदा वर्षं गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून आणि आठ वर्षं मॅनेजरच्या खुर्चीत. त्यामुळे निःपक्षपाती उत्तरांची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : ताई, मी तयार कपड्यांच्या दुकानात चार वर्षं सेल्सला आहे. दुकान रात्री नऊला बंद होतं. परवा नऊला पाच कमी असताना एक बाई दोन मुलींना घेऊन आत आल्या. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही नऊला बंद करतो." त्या म्हणाल्या, "हो हो, तुमचं चालू द्या." मग सव्वादहापर्यंत तिघी ट्रायल रूममध्ये. सोळा कपडे काढले, घेतला एकही नाही. जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे व्हरायटीच नाही." माझी शेवटची बस गेली. घरी पोचेपर्यंत पावणेबारा झाले, मुलगा वाट बघून झोपला होता. आमचे सर म्हणतात, गिऱ्हाईक आत आहे तोवर दुकान उघडं. हजेरी मात्र नऊलाच बंद होते. मी त्या बाईंना काय बोलायला हवं होतं? आणि बोलले असते तर नोकरी राहिली असती का?
— बस चुकलेली

उत्तर : "तुमचं चालू द्या" हे वाचून आधी मला हसू आलं आणि मग पोटऱ्या दुखायला लागल्या. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! बोलणाऱ्याला वाटतं, आपण केवढे समंजस. तुम्ही तुमचं आवरा, आम्ही आमचं बघतो, कोणाची कोणाला अडचण नाही. पण आमचं 'चालू' होतं तेच मुळी शेवटचं माणूस बाहेर पडल्यावर, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आमच्या दुकानात काय व्हायचं ते सांगते. गिऱ्हाइकाने नऊ जोड काढून बघितले की जमिनीवर अठरा बूट, नऊ खोकी, नऊ झाकणं आणि कागदाचे बोळे. बुटाच्या नाकात तो बोळा परत भरायचा, नाहीतर चवडा बसतो. ओढून बांधलेली नाडी सैल करायची. मग डावा-उजवा जुळवायचा, आणि नुसता डोळ्यांनी नाही, तळव्यावरचा नंबर वाचून. कारण लोक एका पायात सात आणि दुसऱ्यात आठ घालून बघतात आणि तसेच सोडून जातात. घाईत खोकं भरलं आणि दोन्ही डावे आत गेले, तर तेच खोकं पुढच्या आठवड्यात भांडायला परत येतं. हे झालं की झाडू. तिकडे काउंटरवर कार्डाच्या मशीनचा दिवसाचा हिशेब बंद करायचा, गल्ल्यातल्या नोटा वेगवेगळ्या करून मोजायच्या, बिलांशी जुळवायच्या. एक नोट कमी भरली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाचा रिपोर्ट एकदा निघाला आणि त्यानंतर कोणी "एवढं एकच बिल करा ना" म्हणालं, की सगळं मुसळ केरात. मग शटर, कुलपं, आणि दोघांनी मिळून खात्री करायची की कुलपं खरंच लागलीत. यातलं काहीही गिऱ्हाईक आत असताना करता येत नाही. नोटा तर त्याच्यादेखत मोजायच्याच नसतात.

आता तुझा प्रश्न. (तू म्हणते, चालेल ना? माझ्या दुकानातल्या मुलींना मी तूच म्हणायचे.) तू म्हणालीस, "आम्ही नऊला बंद करतो." वाक्य खरं आहे, पण ते ऐकणाऱ्याला काही करायला सांगत नाही. बाईंनी ती नुसती माहिती समजून सोडून दिली. तिथे मोजून काय ते हातात द्यायचं : "शेवटचं बिल नऊला होतं. तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा, मी दोन-तीन काढून देते, तेवढे घालून बघायला वेळ आहे." यात 'नाही' कुठेच नाही, पण सोळा कपड्यांचं दार बंद झालं. नऊ वाजले की पुढचं : "हे दोन मी तुमच्या नावाने बाजूला ठेवते, उद्या कधीही या." माझा अनुभव असा की ज्याला खरोखर घ्यायचंय तो इथे निवड करतो किंवा नाव सांगतो. ज्याला घरी जायचा कंटाळा आलाय तो म्हणतो, "राहू द्या, बघते पुन्हा." दोन्हींत तुझी बस सापडते. हे बोलायचं मात्र पाच कमी असतानाच. सव्वानऊला बोललीस तर आवाजात राग येणारच आणि उद्या तक्रार तुझ्या आवाजाची होईल, बाईंच्या सव्वा तासाची नाही.

हे सगळं झालं बाईंचं. तुझं खरं दुखणं दुसरीकडे आहे आणि ते तू एका ओळीत उरकलंयस. गिऱ्हाईक आत आहे तोवर दुकान उघडं, हजेरी मात्र नऊला बंद! या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी म्हणता येत नाहीत. दुकानं आणि कचेऱ्यांतल्या कामाच्या तासांबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९३० चा एक करार आहे, क्रमांक ३०. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हे त्यातलं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीचं कलम मला जास्त आवडतं. कामाचा वेळ म्हणजे काय, तर ज्या वेळात कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो. विक्री झाली का, बिल झालं का, असलं काही त्यात नाही. ट्रायल रूमच्या बाहेर हँगर हातात धरून तू सव्वादहापर्यंत उभी होतीस, म्हणजे दिमतीलाच होतीस.

तेव्हा सरांकडे बाईंची तक्रार घेऊन जाऊ नकोस. ते म्हणतील, गिऱ्हाईक म्हटल्यावर असं चालायचंच. वही घेऊन जा. महिनाभर रोज रात्री शटर किती वाजता पडलं ते लिही. तारीख, वेळ, शेवटचं बिल किती वाजता झालं, आणि नऊनंतर थांबलेल्याने काही घेतलं का. शेवटचा रकाना विसरू नकोस, सरांचे डोळे तिथेच थांबतील. एकटीने जाऊ नकोस, आणखी दोघी-तिघींना बरोबर घे. नोकरीची हमी मी इथे बसून देऊ शकत नाही. पण चौघींच्या सह्या असलेल्या वहीवरून एकीला काढणं, उलट बोलल्याबद्दल एकीला काढण्यापेक्षा अवघड जातं, हे मी मॅनेजरच्या खुर्चीतून पाहिलंय.

प्रश्न : मी या पानाची जुनी वाचक, पण या वेळी गिऱ्हाइकाची बाजू मांडते. माझं ऑफिस साडेआठला सुटतं. मी खरेदी करायची कधी? दारावर नऊ लिहिलंय म्हणजे नऊपर्यंत मला हक्क आहे. मी आठ पंचावन्नला गेले तर सेल्समन घड्याळाकडे बघतात, एक जण तर माझ्यासमोर झाडू मारायला लागला. पूर्वी दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असायची आणि कोणी कुरकुर करत नव्हतं. ग्राहक राजा असतो ना? मग राजाने घड्याळ का बघायचं?
— वेळेत पोचणारी

उत्तर : निम्मं तुमचं बरोबर आहे, ते आधी देऊन टाकते. आठ पंचावन्नला आत येणं हा गुन्हा नाही. नऊ लिहिलंय म्हणजे नऊ. पाच मिनिटं आधी आलेल्या माणसाच्या पायाशी झाडू फिरवणारा सेल्समन मला मिळाला असता तर मीच त्याच्या हातून झाडू काढून घेतला असता. आणि तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मला आठवतात. धावत यायची, "काळा, सपाट, सहा नंबर," म्हणायची, घालून दोन पावलं चालायची, पैसे द्यायची, नऊ वाजून दोन मिनिटांनी बाहेर. त्यांचं मी कधीच मनावर घेतलं नाही.

प्रश्न आत येण्याचा नसतोच, आत आल्यावर काय करता याचा असतो. जर्मनीत १९५६ साली दुकानं बंद करण्याच्या वेळेचा कायदाच झाला. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला दुकान बंद, अशी त्याची सुरुवात. पुढे त्या वेळा बऱ्याच सैल झाल्या. पण एवढ्या कडक कायद्यातही एका ओळीची सूट ठेवलेली होती : बंद व्हायच्या वेळी जे गिऱ्हाईक आत हजर आहे त्याला माल द्यायला हरकत नाही. म्हणजे तुमचे आठ पंचावन्न तिथे कायद्याने सुरक्षित! पण त्याच कायद्यात पुढे आणखी एक गोष्ट आहे. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दुकान उघडायची परवानगी मिळालीच, तर दुकान उघडं असतानाचा वेळ आणि त्याखेरीज मांडामांड-आवराआवरीसाठी एकूण फक्त तीस मिनिटं, एवढाच वेळ कामगाराला कामावर ठेवता येतं. त्या अर्ध्या तासात सकाळची मांडामांड आणि रात्रीचा गल्ला दोन्ही आले. कायदा लिहिणाऱ्याच्या घरात कोणीतरी काउंटरवर काम केलेलं असणार असं मला उगाच वाटतं. आवरायलाही वेळ लागतो हे ज्याने आवरलंय त्यालाच सुचतं.

आता तुमचं "कोणी कुरकुर करत नव्हतं." बाई, खूप करत होते, तुमच्यापर्यंत आवाज पोचला नाही इतकंच. लंडनमध्ये कापड दुकानांतल्या नोकरांनी दुकानं लवकर बंद व्हावीत म्हणून संघटना काढली ती १८४२ मध्ये. ब्रिटनमध्ये १८८६ साली कायदा आला तो काय, तर अठरा वर्षांखालच्या मुलांकडून दुकानात आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. चौऱ्याहत्तर! आणि तीही सूट नव्हे, सुधारणा. बसायला स्टूल मिळावं म्हणून १८९९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, दर तीन स्त्री नोकरांमागे एक आसन. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गोदामातलं मोडकं स्टूल आठवलं. आम्ही पाच जणी होतो आणि स्टूल एकच. म्हणजे शंभर वर्षांनंतरही आम्ही मागेच.

त्याच काळात मार्गारेट बाँडफिल्ड नावाची मुलगी चौदाव्या वर्षी ब्रायटनमधल्या कापड दुकानात उमेदवारीला लागली. तेव्हा नोकर दुकानाच्याच वसतिगृहात राहायचे. रात्री खोलीतल्या बाकीच्या झोपल्या की ती मेणबत्ती लावायची, उजेड दिसू नये म्हणून खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायची, आणि टोपणनावाने दुकानी नोकरांच्या हालांवर लेख लिहायची. १९२९ मध्ये ती ब्रिटनची कामगार मंत्री झाली, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. तेव्हा कुरकुर होती. टॉवेलाआड होती.

राजाचं म्हणाल तर राजे लोक निदान आगाऊ निरोप पाठवून यायचे. तुम्हीही फोन करा. "साडेआठला सुटते, नऊच्या आत पोचते, सहा नंबरचा काळा सपाट जोड काढून ठेवा." दुकानदार खूश होईल, तुम्ही आत शिराल तेव्हा खोकं काउंटरवर असेल आणि घड्याळाकडे कोणी बघणार नाही. आणि एखाद्या दिवशी निवांत, दहा जोड घालूनच बघायचे असतील, तर ती सुट्टीच्या सकाळची गोष्ट आहे. सकाळी दुकानात आम्हीही कंटाळलेलो असतो, हौसेने दाखवू.

प्रश्न : मी एका छोट्या दुकानाचा मॅनेजर आहे, हाताखाली सहा जण. मुलं चांगली आहेत, पण हल्ली बंद करताना चुळबुळ करतात. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होणारच. त्याचा हिशेब कोण ठेवत बसणार? आणि दारावर 'शेवटचा प्रवेश' वगैरे लिहिलं तर गिऱ्हाईक तुटेल अशी मालकांना भीती वाटते.
— मधला माणूस

उत्तर : मधल्या माणसा, मीही तुझ्याच जागी आठ वर्षं होते, तेव्हा थोडं कडक बोलते.

पाच-दहा मिनिटांचा हिशेब एका न्यायालयाने ठेवला आहे. कॅलिफोर्नियात एका मोठ्या कॉफी कंपनीच्या दुकानातला सुपरवायझर हजेरी बंद केल्यावर विक्रीचे आकडे पाठवायचा, अलार्म लावायचा, दाराला कुलूप घालायचा आणि सहकाऱ्यांना त्यांच्या गाड्यांपर्यंत सोडायचा. रोज चार ते दहा मिनिटं. सतरा महिन्यांत ती झाली बारा तास पन्नास मिनिटं, आणि तिथल्या किमान वेतनाने १०२ डॉलर ६७ सेंट. कंपनीचं म्हणणं तुझंच होतं, एवढ्याशा वेळाचं काय! २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. रोज नियमाने होणारं काम किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, आणि एवढ्या पैशांत तासावर राबणाऱ्या माणसाचा आठवड्याचा किराणा भरतो, असं निकालात म्हटलंय. तुझ्या सहा जणांचं रोजचं दहा मिनिटांचं गणित तूच करून बघ. दिवसाला एक अख्खा तास होतो. तो तास मालकांना फुकट मिळतोय आणि त्याची चुळबुळ तुला ऐकावी लागतेय.

दारावरच्या पाटीचं. मीही घाबरत घाबरतच लावली होती. 'शेवटचं बिल ९ वाजता.' 'बंद' हा शब्द मुद्दाम टाळला, कारण बंद म्हणजे नेमकं काय यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. दार बंद, बिल बंद की दिवे बंद? बिल म्हटलं की वाद संपतो. पहिल्या आठवड्यात तीन जण रागावले. त्यातला एक पूर्वी दर महिन्याला नऊला यायचा, पाऊण तास बसायचा आणि बुटाच्या नाड्या घेऊन जायचा. फक्त नाड्या! पाटी लागल्यावर तो आठला यायला लागला. घ्यायचा नाड्याच, पण आठला.

पाटीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे नऊनंतरचं बोलणं तू स्वतः कर. एकवीस वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाला 'आता निघा' म्हणायला लावायचं आणि तो चिडला की आपण आतून येऊन "सॉरी सर, ती नवीन आहे" म्हणायचं, हा प्रकार मी सुरुवातीला केलाय. एकदाच. त्या मुलीने मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती गिऱ्हाइकांना वेळ सांगायचीच बंद झाली, आणि आम्ही रोज साडेनऊला निघायला लागलो. मला कारण कळायला तीन आठवडे लागले.

प्रश्न : ताई, छोटासा प्रश्न. बंद व्हायच्या वेळी दुकानवाले मुद्दाम दिवे घालवतात का? माझी आणि नवऱ्याची पैज लागलीय.
— उत्सुक

उत्तर : घालवतात. पैज कोण जिंकलं ते कळवा.

आमच्याकडे त्याचा क्रमसुद्धा ठरलेला होता. आधी पाटीचा दिवा, म्हणजे रस्त्यावरून नवीन कोणी येत नाही. मग काचेच्या कपाटांतले. मग मागची रांग. शेवटी आरशावरचा, कारण बूट घातलेला माणूस आरशात स्वतःलाच दिसेनासा झाला की आपोआप खाली बसून नाड्या सोडायला लागतो. मला माझ्या या युक्तीचा फार अभिमान होता. मग एका रात्री आरशावरचा दिवा घालवला आणि आरशाकडून परत येणारे एक आजोबा मधल्या पायरीवर अडखळले. कपाटाला धरलं म्हणून वाचले. मी धावले, त्यांना स्टुलावर बसवलं. ते धापा टाकत म्हणाले, "बाई, बंद करायचंय असं सांगितलं असतंत तर मी दहा मिनिटांपूर्वीच गेलो असतो. मी आपला तुम्ही एवढ्या प्रेमाने दाखवताय म्हणून बसलो होतो." त्या रात्री त्यांनी एक जोड घेतला, आणि रिपोर्ट काढून झालेला असतानाही मी त्यांचं बिल केलं.